खटक्यावर बोट

कोल्हापुरात कुणाकडे जेवायला बसलात की पहिल्या दहा मिनिटांत कळतं, आपल्याला पंगतीला म्हणून बोलावलं आणि आखाड्यात उतरवलं. तुम्ही ताटावर आडवा हात धरता, वाढणारा बगलेखालून पळी घालतो आणि पांढऱ्या रश्श्याची वाटी परत काठोकाठ. ‘बास, बास’ याला इथं नकार मानत नाहीत, ती सलामी असते. पाहुण्याचे दोन्ही खांदे जमिनीला टेकल्याशिवाय यजमानाला आपण जेवू घातलं असं वाटतच नाही.

ही वाटी आधी सांगितली, कारण आमच्या चाकूवाल्यांचा स्वभाव तिच्याशिवाय समजायचा नाही.

आमचं एक मंडळ आहे. त्याला नाव नाही, अध्यक्ष नाही, पावतीपुस्तक नाही आणि गणपतीही नाही. त्यामुळं फूट न पडलेलं हे कोल्हापुरातलं एकमेव मंडळ असावं. दर रविवारी सकाळी सातच्या सुमारास रंकाळ्याच्या कठड्यावर आम्ही सहाजण बसतो आणि खिशातनं, पिशवीतनं, रुमालाच्या घड्यांतनं एकेक घडीचा चाकू बाहेर काढतो. फिरायला आलेली माणसं जरा लांबून वळसा घालतात. साठीच्या पुढचे पाच म्हातारे आणि एक तरणा पोरगा उघड्या पात्यांकडं ओल्या डोळ्यांनी बघत बसलेत, हे दृश्य सकाळी सकाळी कुणाला पचणार?

मी बँकेतनं निवृत्त झालेला, म्हणजे दुसऱ्याच्या वस्तू सांभाळायची जन्माची सवय. दुसरे ड्रॉइंगचे मास्तर. त्यांच्या मते शार्पनरनं होते ती पेन्सिलीची हजामत. पेन्सिल तासायची तर चाकूनंच, आणि शिसं बोटाच्या पेराएवढं बाहेर काढून. तिसरे वस्ताद. तालमीत आयुष्य गेलं, कान मोडून भज्यासारखे झालेत आणि बोटं इतकी जाड की पात्यावरच्या खाचेत नख शिरत नाही, म्हणून प्रत्येक चाकू दुसऱ्याकडनं उघडून घेतात. चौथे कोर्टातले निवृत्त बेलिफ. पाचवे पापाच्या तिकटीजवळ चपलांचं काम करणारे मामा. पोरगा म्हणजे शिवाजी उद्यमनगरात लेथवर काम करणारा. त्याला चाकवाची खीळ ढिली झालेली दाखवली की दुसऱ्या रविवारी नवी बसवून आणतो. पैसे विचारले तर म्हणतो, “चहा पाजा की.” चहाचे पैसे काढायला जावं तर तेही त्यानंच आधी देऊन ठेवलेले असतात.

मामांचं घडीच्या चाकूबद्दल मुळातच मत चांगलं नाही. त्यांचं हत्यार रापी. “कामाचं हत्यार उघडंच पायजे. घडी घालून खिशात झोपवायचं, ते हत्यार व्हय?” असं म्हणतात आणि आमचे सगळ्यांचे चाकू घरी नेऊन दगडावर धार लावून आणतात. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मामा काही बोलले नव्हते. 2025 च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडावाल्यांनी तसल्याच चपला कोल्हापूरचं नाव न घेता दाखवल्या आणि गावभर आग उठली, तेव्हा मात्र एवढंच म्हणाले, “चप्पल नेली. रापी कुठं नेली?”

चाकूचा नाद असलेला माणूस ओळखायची एक खूण सांगतो. त्याच्या डाव्या हाताची मनगटाच्या वरची बाजू बघा. तिथं केस नसतात. धार बघायची म्हणून पातं हळूच फिरवायचं, केस उडाले की मान डोलवायची. आमचे सहाचे सहा डावे हात तुळतुळीत आहेत. वस्तादांचा उजवाही आहे, कारण त्यांना एका हातावर समाधान होत नाही.

एकदा एक पोलीस आमच्यापाशी आला. तरणा होता, नवीन असावा. “काय चाललंय?” बेलिफ उभे राहिले. कोर्टात चाळीस वर्षं काढलेल्या माणसाला असा प्रश्न म्हणजे पर्वणी. त्यांनी शस्त्र कायदा 1959 पासून सुरुवात केली आणि नियमांवर आले. पातं 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद असेल तर ते शस्त्रांच्या यादीत बसतं. त्यातही घरकामाची आणि शेतीची अवजारं वगळलेली. मग त्यांनी आमचे चाकू एकेक करून पट्टीवर मोजून दाखवले. सगळ्यात लांब पातं साडेतीन इंच निघालं. पोलिसाचा चेहरा पडला. त्याच्यापेक्षा वस्तादांचा जास्त पडला. “आमच्या घरची विळी ह्या सगळ्यांपेक्षा मोठी हाय,” ते पुटपुटले. पोलिसानं जाताना मास्तरांच्या हातातला चाकू बघून सहज म्हटलं, “आमच्या आज्याकडं असलाच होता.” चुकला! पाच मिनिटांनी तो फाटकाकडं निघाला तेव्हा चाकू त्याच्या खिशात होता आणि चेहऱ्यावर लाच घेतल्याचा भाव.

त्याला आमचा नियम माहीत नव्हता. आमच्यात चाकूची तारीफ करायची नसते. ‘छान आहे’ म्हणालात की तो तुमचा झाला. नाही म्हणालात तर झोंबी सुरू. तो तुमच्या खिशात घालणार, तुम्ही काढून त्याच्या पिशवीत टाकणार, तो तुमच्या घरी तुमच्या माघारी वहिनींकडं देऊन जाणार. म्हणून जिवाच्या भीतीनं आम्ही एक उलटी भाषा तयार केली आहे. मनापासून आवडलेल्या चाकूला ‘काय भंगार उचललंस’ म्हणायचं. डोळ्यांत पाणी आलं तर ‘ह्यानं लोणी तरी कापतंय काय?’ म्हणायचं. बाजूनं जाणाऱ्याला वाटतं भांडणं चाललीत. आत कालवाकालव चाललेली असते.

ही भाषा माझ्या कामी आली नाही ती एकदाच. मास्तरांनी एक जुना विलायती चाकू आणला होता. हाडाची पिवळट मूठ, पातं झिजून निम्मं झालेलं, पण मुळाशी शिक्का स्पष्ट: एक तारा आणि एक चौफुली. शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स कंपनीची ही खूण, 1764 पासूनची. मी बोटानं शिक्का चाचपला. अडीचशे वर्षांपलीकडं कुणा लोहारानं मारायला सुरुवात केलेली खूण रंकाळ्याच्या वाऱ्यात माझ्या अंगठ्याखाली आली आणि तोंडातनं ‘आहा’ निघून गेलं. नुसतं ‘आहा’. मास्तरांनी लगेच रुमालासकट चाकू माझ्या मांडीवर ठेवला आणि खिशात हात घालून तळ्याकडं बघत बसले. आता हातात घेणं शक्य नाही अशा बेताने त्यांनी मुठी आवळल्या होत्या. सत्तरीचा माणूस, शाळेतल्या पोरासारखा.

मी पुढच्या रविवारी बदल्यात एक फ्रेंच ओपिनेल दिला. लाकडी मुठीचा, साधा, 1890 पासून सव्हॉय प्रांतातल्या शेतकऱ्यांच्या खिशात असलेला. मास्तरांनी तो घेतला, म्हणजे मी जिंकलो असं वाटलं. घरी येऊन बघतो तर पिशवीच्या तळाशी आणखी एक चाकू. असल्या माणसाशी कोण खेळणार!

चाकू भेट द्यायचा तर एक अडचण असते. धारेची वस्तू हातातनं हातात देऊ नये, भांडण होतं, हे आपल्याकडं सगळ्या आज्यांनी सांगून ठेवलंय. म्हणून आमच्यात चाकू कठड्यावर ठेवायचा आणि घेणाऱ्यानं तिथनं उचलायचा. पण कुणीच उचलत नाही. एकदा तर एक चाकू दोन तास कठड्यावर पडून राहिला, ऊन तापलं, सगळे घरी जायला उठले आणि देणारा-घेणारा दोघं तसेच बसून. शेवटी त्या दोघांनी पोरग्याला बोलावून त्याला देऊन टाकला. तो शहाणा, त्यानं नियम वाचलेलेच नाहीत.

मग मास्तरांनी कुठंतरी वाचलं की विलायतेत चाकू भेट मिळाला की घेणारा एक नाणं परत देतो; म्हणजे चाकू विकत घेतल्यासारखा होतो आणि मैत्री तुटत नाही. कल्पना सगळ्यांना पसंत पडली. फक्त रुपया कसा द्यायचा? आपल्याकडं शुभकार्याला सव्वा रुपया. आणि सव्व्यातली पावली तर 30 जून 2011 पासून चलनातच नाही. यावर तीन रविवार गेले. बेलिफांचं म्हणणं, चलनाबाहेरची पावली दिली तर व्यवहार पुरा होत नाही, सबब चाकू देणाऱ्याचाच राहतो. वस्ताद म्हणाले, “मग पाच रुपये देऊ, उरलेले पुढच्या चाकूला जमा.” आता एका वहीत हा हिशोब मी ठेवतो. बँकेत इतकी वर्षं काढली, पण असं खातं बघितलं नव्हतं: प्रत्येकाची बाकी निघते आणि प्रत्येकजण म्हणतो, मीच देणं लागतो.

मागल्या वर्षी मुलीकडं जाताना माझ्या हातातल्या पिशवीत चुकून एक चाकू राहिला. विमानतळावर तो काढून घेतला. चूक माझीच होती, आणि चाकूही तीनशे रुपयांचा. तरी परत आल्यावर कठड्यावर मी जरा हळहळलो. बोलायला नको होतं. त्या आठवड्यात माझ्याकडं सहा चाकू आले. सहाजणांच्या मंडळात माझ्याखेरीज पाचजण, मग सहा कसे? वस्तादांनी दोन दिले, म्हणाले, “एक चाकूचा, एक दुःखाचा.” बेलिफांचा जावई जर्मनीला असतो, त्यानं आणलेला लाल स्विस चाकू त्यांनी मला दिला. सैन्यातल्या अधिकाऱ्यांसाठी 1897 साली काढलेल्या मूळ चाकूचा हा पणतू. त्यात कात्री, करवत, दातकोरणं सगळं. बाटलीचं बूच काढायचं मळसूत्र वस्तादांनी बराच वेळ निरखलं आणि विचारलं, “एवढं मोठं कानकोरणं? तिकडच्या माणसांचे कान कसले असतील!”

रामपुरी मात्र आमच्याकडं एकच आहे, पोरग्याकडं. खटका दाबला की कडकड करत पातं बाहेर येतं. 1965 च्या ‘वक्त’मध्ये राजकुमारनं चाकू हातात खेळवला तेव्हापासून आमच्या पिढीच्या मनात चाकू आणि सिनेमा यांचं लग्न लागलंय. उत्तर प्रदेशात नव्वदच्या दशकात साडेचार इंचांवरच्या पात्यांना बंदी आली, कारागिरांच्या पोटावर पाय आला. मग 2023 मध्ये रामपूरच्याच एका चौकात वीस फुटी रामपुरी उभा केला. खिशातला चालत नाही, चौकातला चालतो! पोरग्यानं आपला रामपुरी पहिल्यांदा उघडला तेव्हा मामांनी एवढंच म्हटलं, “खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी.” आमच्या गावची ही म्हण मुळात कशावरनं पडली कुणास ठाऊक, पण त्या क्षणी ती चाकूवरनंच पडली असं सगळ्यांनी मान्य केलं.

हे सगळे चाकू कामाला काय येतात, असं कुणी विचारू नये. माझी बायको विचारते. “ह्या तीस चाकूंत एकानं तरी आजवर भेंडी चिरलीय का?” खरं आहे. आमच्यात चाकूनं काम घेतलं तर वाईट वाटतं आणि नाही घेतलं तर गंज चढतो. यातून मंडळानं पेरूची वाट काढली. कठड्याजवळ एक मावशी पाटी घेऊन बसते. तिच्याकडनं पेरू घ्यायचे आणि फोडी करायच्या, हा आमच्या चाकूंचा एकमेव उद्योग. मावशीचा स्वतःचा चाकू म्हणजे हॅक्सॉचं जुनं पातं, एका टोकाला चिंधी गुंडाळलेली. आमच्या शेफील्ड-स्वित्झर्लंडच्या सहा चाकूंनी एक पेरू होईस्तोवर ती चार गिऱ्हाइकं उरकते.

आम्ही एकदा पुण्याला राजा दिनकर केळकर संग्रहालय बघून आलो. अडकित्ता हा चाकवाचा चुलतभाऊ, आणि तिथं अडकित्तेच अडकित्ते: पोपटाचे, घोड्याचे, पितळेचे, नक्षीचे. दिनकर केळकरांनी, म्हणजे कवी ‘अज्ञातवासी’ यांनी, दिवे, कुलपं, दौती, अडकित्ते असं वीस हजारांवर सामान आयुष्यभर गोळा केलं, गेलेल्या पोराचं नाव त्याला दिलं आणि सगळंच्या सगळं सरकारला देऊन टाकलं. वस्ताद बाहेर पायरीवर बसून राहिले. “आपण एकेक देतोय. ह्या गड्यानं एकाच डावात सगळं दिलं. ह्याला कोण चितपट करणार?” मग थोड्या वेळानं, “आन् तेही पुण्यात राहून!” 2024 च्या जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं साताऱ्याला आली, तीन वर्षांच्या बोलीवर. आम्ही ती बघायला गेलो तेव्हाही वस्तादांचा निकाल तयार होता: “तीन वर्षांनी परत मागणार? आमच्यात असल्याला रविवारी बसूसुद्धा देत न्हाईत.”

आता माझं कबूल करतो. तीस चाकूंत एक असा होता की जो मी कठड्यावर कधी नेलाच नाही. आजोबांचा. मूठ माशाच्या आकाराची, पितळेची, खवले बोटांनी घासून घासून गुळगुळीत झालेले, डोळ्याच्या जागी खीळ. पात्याला दोन ठिकाणी खांडं पडलेली. आजोबा त्यानं ऊस सोलायचे, मुळा कापायचे आणि तंबाखूच्या पुडीची दोरी तोडायचे. मी तो रुमालात गुंडाळून कपाटात ठेवला होता. कुणी बघितला आणि कुणी ‘काय भंगार आहे’ म्हणालं तर? हा डाव मला खेळायचाच नव्हता. वर्षातनं एकदा, खंडेनवमीला, तो बाहेर निघायचा. पाटावर सगळे चाकू ओळीनं मांडायचे, मधे मासा, वर हळदकुंकू, झेंडूचं फूल.

गेल्या दसऱ्याला संध्याकाळी मी दसरा चौकात सोनं लुटायला गेलो. छत्रपतींच्या हस्ते शमीपूजन झालं की जी झुंबड उडते तीत दरवर्षी मी दोन पानं आणि एक शर्टाचं बटण यांचा व्यवहार करतो. घरी आलो. पाटावर एकोणतीस चाकू.

“मासा कुठाय?”

“अहो, पेरूवाल्या मावशी सोनं द्यायला आल्या होत्या. त्यांच्या चाकूचं पातं मोडलंय म्हणे. त्यांनी सोनं दिलं, मी काय रिकाम्या हातानं पाठवू? तुमच्याकडं एवढे पडलेत, दिला एक. सगळ्यांत जुना बघून दिला, नवे तुम्हाला लागतात म्हणून.”

रविवारी कठड्यावर मी हे सांगितलं. कुणी बोललं नाही. मग वस्तादांनी माझ्या पाठीवर थाप मारली, “वहिनींनी दोन्ही खांदे टेकवलं बघ तुझं.” पण बाकीच्यांना राहवेना. मास्तर उठले, आपला ओपिनेल घेऊन मावशीकडं गेले: हा घ्या, तो मासा द्या. मावशीनं ओपिनेल घेतला. मासा दिला नाही. “ह्यो हाताला बसलाय.” मग बेलिफ गेले, मामा गेले, पोरगा गेला. वस्ताद दोन चाकू घेऊन गेले. मावशीनं सगळे ठेवून घेतले, कुणालाच नाही म्हटलं नाही.

पुढच्या रविवारी बघितलं तर काकडीवाल्याकडं ओपिनेल, भेळवाल्याकडं बेलिफांचा, कणसं भाजणाऱ्या पोरीकडं मामांचा. सगळे वाटून टाकलेले. आजोबांचा मासा मावशीच्या हातात, पाटीच्या काठाला आडवा. मामांनी खांडं काढून दिलीत, पातं लखलखतंय. पितळेवर पेरूचा चीक आणि तिखटमीठ.

आम्ही अजून तिच्याकडनंच पेरू घेतो. फोडी तीच करून देते, आमच्या चाकूंवर तिचा विश्वास नाही. पैसे मात्र पुरते घेते.